एका चित्रकथेचा जमाखर्च

म्हैसूरचे नाव उच्चारले की वाचकांच्या मनःचक्षूंपुढे दसऱ्याची हत्तीवरील अंबारी, दीपांनी उजळलेला राजवाडा, चंदनाचा सुवास आणि रेशमी वस्त्रे उभी राहतात. परंतु या नगरीचे आणखी एक देणे आहे, आणि ते भारतातील लक्षावधी कुटुंबांनी, त्याचा म्हैसूरशी काही संबंध आहे हे न जाणता, पैसे देऊन पाहिले आहे. २००४ साली म्हैसूर जिल्ह्याच्या दोन सुपुत्रांनी एका जुन्या कथेचा डाव कन्नड पडद्यावर नव्याने मांडला. तो असा काही जमला की त्यानंतर वीस वर्षांत तीच कथा तमिळ, तेलुगू आणि हिंदी प्रेक्षकांपुढे वेगवेगळ्या वेषांत येत राहिली. कधी तिने तिकीटबारीवर विक्रम केले, तर कधी ती सपशेल आपटली. एखाद्या यशस्वी चित्रपटाचा दुसरा, तिसरा भाग काढावा की नाही, काढल्यास तो चालेल की नाही, हा प्रश्न आज सर्वत्र चर्चिला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास या कथेच्या जमाखर्चाइतकी उत्तम वही दुसरी सापडणार नाही.

दोन मित्र

या दोघांपैकी पहिले द्वारकीश. त्यांचा जन्म १९४२ साली म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर येथे झाला. यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्यांनी आपल्या बंधूंसह म्हैसुरात मोटारींच्या सुट्या भागांचा व्यवसाय आरंभिला होता. परंतु मन रमले ते चित्रपटात. ठेंगणी मूर्ती, मिस्कील चेहरा आणि धाडसी स्वभाव यांच्या बळावर ते विनोदी नट झाले आणि १९६९ साली ‘मेयर मुत्तण्णा’ या चित्रपटाने स्वतंत्र निर्मातेही झाले. दुसरे विष्णुवर्धन. त्यांचे मूळ नाव संपतकुमार, जन्म १९५०, आणि जन्मगाव खुद्द म्हैसूर. १९७२ सालच्या ‘नागरहावु’ या चित्रपटाने ते एका रात्रीत कन्नड घराघरांत पोहोचले. या दोघांची जोडी पडद्यावर गाजली. पुढे त्यांच्यात दुरावा आला, समेट झाला, पुन्हा दुरावा आला.

२००४ साल उजाडले तेव्हा द्वारकीश यांच्या पदरी अपयशी चित्रपटांची रांग होती. अशा वेळी त्यांनी पुन्हा जुन्या मित्राला हाक मारली. चित्रपटाचे नाव ठरले ‘आप्तमित्र’, म्हणजे जिवलग सखा. दिग्दर्शक होते पी. वासू, आणि नायिकेच्या भूमिकेत सौंदर्या. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, १७ एप्रिल २००४ रोजी, बंगळूरजवळ झालेल्या विमान-अपघातात सौंदर्या यांचा अंत झाला. ऑगस्टमध्ये चित्रपट पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षक एका दिवंगत अभिनेत्रीचे अखेरचे कन्नड काम पाहत होते. परंतु दुःखाने माणूस एकदा चित्रपटगृहात येईल. पुनःपुन्हा येणार नाही. लोक पुनःपुन्हा आले. ‘आप्तमित्र’ वर्षभर चालला, आणि द्वारकीश यांची बुडू पाहणारी नौका तीरास लागली.

कथा कोठली?

ही कथा मूळची मल्याळम. १९९३ सालच्या डिसेंबरात फाजिल यांचा ‘मणिचित्रताळ’ हा चित्रपट केरळात प्रदर्शित झाला. मधू मुट्टम यांनी लिहिलेल्या या कथेत एक तरुण दांपत्य वडिलोपार्जित वाड्यात राहावयास येते. तेथे नक्षीदार कुलूप लावून बंद केलेली एक खोली असते. तिच्यात पूर्वीच्या एका नर्तकीचा आत्मा कोंडलेला आहे, अशी आख्यायिका. खोली उघडली जाते आणि घरात चमत्कारिक प्रकार घडू लागतात. सर्वांचा संशय एका निरपराध मुलीवर जातो. अखेर नवऱ्याचा मित्र, जो मानसोपचारतज्ज्ञ असतो, तो शोधून काढतो की भूत नाहीच. घरची सून गंगा हीच मनाच्या विकाराने स्वतःस ती नर्तकी समजू लागली आहे. मांत्रिकाच्या साहाय्याने, परंतु वैद्याच्या बुद्धीने, तो तिला बरी करतो. शोभना या अभिनेत्रीस या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

भाषांतराच्या कामात ज्यांचे दिवस जातात त्यांना या कथेच्या प्रवासात एक गंमत आढळेल. मल्याळम चित्रपटात ही नर्तकी तंजावरची, आणि अंगात आली की सून तमिळ बोलू लागते. कथा कन्नडमध्ये आली तेव्हा तमिळ नर्तकी तेलुगू झाली. तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ झाली, तेथेही ती तेलुगूच बोलते. हिंदीत ‘भूल भुलैया’ आला, तेव्हा वाड्यात वावरणारी मंजुलिका बंगाली बोलू लागली. म्हणजे प्रत्येक भाषेने आपले भूत शेजाऱ्याच्या भाषेत बोलते केले! जे आपल्या उंबरठ्याबाहेरचे, अर्धवट कळणारे, त्याचेच माणसाला भय आणि त्याचीच मोहिनी. ही कथा मराठीत यथासांग उतरली असती, तर आपल्या वाड्यातील नर्तकी बहुधा कन्नड बोलली असती.

आपल्या मराठीसही हा व्यवहार नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला आणि १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. १९३२ साली प्रभातने ती ‘अयोध्येचा राजा’ या नावाने बोलती केली. बाबूराव पेंटर यांनी १९२५ सालचा आपला मूक ‘सावकारी पाश’ १९३६ साली स्वतःच पुन्हा बोलपट म्हणून काढला. केरळात ‘मणिचित्रताळ’ आला त्याच १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ मधील तात्या विंचू नावाच्या बाहुल्याने मराठी मुलांची झोप उडविली, आणि वीस वर्षांनी, २०१३ साली, तो त्रिमितीत परतला. तोवर पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे आपल्यातून निघून गेले होते. बाहुला मात्र तसाच होता. नट जातात, पात्रे उरतात. दुसऱ्या भागाचा सारा व्यापार या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

रुपया कोठे जातो?

अमुक चित्रपटाने इतके कोटी मिळविले, असे आपण वाचतो आणि तेवढी रक्कम निर्मात्याच्या तिजोरीत पडली असे समजतो. वस्तुतः तसे नाही. समजा, आपण बहुपडदा चित्रपटगृहात दोनशे रुपये मूळ दराचे तिकीट काढले. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागून आपल्या खिशातून २३६ रुपये जातात. या २३६ रुपयांची बेरीज म्हणजे एकूण गल्ला. कराचे ३६ रुपये वजा जाता उरलेले २०० म्हणजे निव्वळ गल्ला. (तिकीट शंभर रुपयांपर्यंतचे असेल तर सप्टेंबर २०२५ पासून हाच कर पाच टक्के आहे.) आता या दोनशेचे वाटेकरी दोन: चित्रपटगृह आणि वितरक. हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि बहुपडदा चित्रपटगृहे यांच्यात २००९ साली मोठा तंटा होऊन जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. अर्थात त्याच दोनशे रुपयांतून वितरकास पहिल्या आठवड्यात शंभर मिळतात, तर चौथ्या आठवड्यात केवळ साठ. या वाट्यातून जाहिरातीचा व वितरणाचा खर्च भागवून जे उरेल ते निर्मात्याचे, आणि त्यातूनच त्याला चित्रपटाचा मूळ खर्च काढावयाचा असतो.

या हिशेबात दुसऱ्या भागांच्या सुळसुळाटाचे रहस्य दडलेले आहे. चित्रपट जितका जुना होतो तितका निर्मात्याचा वाटा घटतो. म्हणून त्याला सारी गर्दी पहिल्या तीन दिवसांत हवी असते. अनोळखी नावाच्या चित्रपटाची कीर्ती पसरण्यास दोन आठवडे लागतात. ओळखीच्या नावाला गर्दी पहिल्याच दिवशी लोटते. ‘आप्तमित्र’ सारखा चित्रपट हळूहळू, एकाने दुसऱ्यास सांगून, वर्षभर चालला. आज तितका धीर धरणे कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

वीस वर्षांचा ताळेबंद

आता प्रत्यक्ष ताळा पाहू. ‘आप्तमित्र’ चे यश पाहून ‘बाबा’ च्या (२००२) अपयशाने काहीसे थांबलेले रजनीकांत पुढे आले. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेला हा नट तमिळ जनतेचे दैवत ठरला, हे वाचक जाणतातच. एप्रिल २००५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘चंद्रमुखी’ चेन्नईच्या शांती चित्रपटगृहात ८९० दिवस चालल्याची नोंद आहे. दिग्दर्शक पुन्हा पी. वासू हेच. २००७ साली प्रियदर्शन यांनी हिंदी ‘भूल भुलैया’ काढला. मूळ मल्याळम चित्रपटाच्या चित्रणातही त्यांनी हातभार लावला होता. त्याचा भारतातील निव्वळ गल्ला सुमारे पन्नास कोटींच्या घरात होता.

येथवर सारे जमेच्या बाजूस. मग दुसऱ्या भागांचे पर्व सुरू झाले. ‘आप्तरक्षक’ हा कन्नड उत्तरभाग विष्णुवर्धन यांचा दोनशेवा चित्रपट म्हणून गाजला. परंतु तो पडद्यावर आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर २००९ रोजी पहाटे, आपल्या जन्मगावीच, म्हैसुरात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते एकोणसाठ. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘आप्तरक्षक’ प्रदर्शित झाला आणि त्यास प्रचंड गर्दी लोटली. पहिला भाग नायिकेच्या मृत्यूनंतर आला, दुसरा नायकाच्या. असा योग चित्रपटाच्या इतिहासात विरळाच.

त्याच ‘आप्तरक्षक’ ची तेलुगू आवृत्ती ‘नागवल्ली’ २०१० च्या डिसेंबरात आली. दिग्दर्शक तेच, कथा तीच, नायक व्यंकटेश यांच्यासारखा लोकप्रिय. तरी तिला अपेक्षित यश मिळाले नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये पी. वासू यांनी, रजनीकांत यांच्यावाचून, ‘चंद्रमुखी २’ काढला. एकाच कथेवर त्यांचा हा पाचवा चित्रपट, आणि तो तिकीटबारीवर कोसळला.

हिंदीत मात्र निराळेच घडले. २०२२ च्या मे महिन्यात, महामारीनंतर चित्रपटगृहे ओस पडली असताना, ‘भूल भुलैया २’ आला. नायक नवा, दिग्दर्शक नवा, कथाही जवळजवळ नवी. जुने राहिले ते नाव, गाण्याची चाल आणि वाड्याचे वातावरण. त्याने भारतात १८० कोटींहून अधिक निव्वळ गल्ला जमविला. २०२४ च्या दिवाळीत तिसरा भाग आला. त्याच दिवशी ‘सिंघम अगेन’ हा दुसऱ्या एका मालिकेचा चित्रपटही समोर उभा होता. तरीही तिसऱ्या भागाचा गल्ला दुसऱ्याच्याही पुढे गेला. मात्र २००७ चे पन्नास आणि २०२२ चे एकशे ऐंशी हे कोटी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मध्यंतरी तिकिटाचे दर कितीतरी वाढले. किती माणसे आली हे गल्ल्यावरून कळत नाही. किती रुपये आले एवढेच कळते.

या ताळेबंदातून निष्कर्ष काय निघतो? ज्या उत्तरभागाशी प्रेक्षकांचा जिव्हाळ्याचा धागा होता, तो चालला. जेथे तेच सांगाडे निराळ्या नटांना नेसविले गेले, तो पडला. आणि जेथे जुन्या नावाखाली खरोखर नवा डाव मांडला गेला, तेथे पुन्हा गर्दी झाली. नावाची पुण्याई पहिल्या दिवसापुरती असते. रविवारनंतर चित्रपटाला स्वतःच्या पायांवरच चालावे लागते. पुढील भागांचे भवितव्य वर्तविताना एवढी एकच कसोटी पुरे.

काय हरवले?

जमाखर्च येथे संपत नाही. कारण या कथेचे खरे भांडवल भूत हे नव्हतेच. भूत नाही, हे तिचे भांडवल होते. मांत्रिक, अंगारा, उपास-तापास यांच्या गर्दीतून एक वैद्य उभा राहतो, आणि बाई झपाटलेली नसून आजारी आहे, तिला मार नको, औषध हवे, असे सांगतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिचा नवरा तिला टाकून देत नाही. खेड्यापाड्यांतील कित्येक प्रेक्षकांनी मानसोपचारतज्ज्ञ प्रथम पाहिला तो या पडद्यावर, विष्णुवर्धन वा मोहनलाल यांच्या रूपाने.

उत्तरभागांनी हे भांडवल खर्चून टाकले. ‘भूल भुलैया २’ मध्ये चेटूक खरे आहे आणि प्रेतात्माही खरा आहे. ‘चंद्रमुखी २’ मध्येही आत्मे अंगात शिरतात. ज्या कथेने भुताला घराबाहेर काढले, तिच्याच नावावर ते पुन्हा घरात आले. करमणुकीस भूत असू नये असे कोणी म्हणणार नाही. आपल्या आज्यांनी आपल्याला हडळ-मुंज्यांच्या गोष्टी सांगितल्याच आहेत. परंतु एका घरात डॉक्टर येऊन गेल्यावर त्याच घरात पुन्हा देवऋषी आणणे, यात काहीतरी गमावल्यासारखे वाटते.

हे गमावणे केवळ पडद्यावरचे नाही. बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या पाहणीत देशातील सुमारे दहा टक्के प्रौढ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. आपल्या शेजारीपाजारी, कदाचित आपल्याच घरात, अशी एखादी गंगा असेल. भूत उतरविण्याच्या नावाखाली तिला मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कर्नाटकानेही २०१७ साली असा कायदा केला. मात्र चित्रपटातील डॉक्टर जशी एका रात्रीच्या नाट्याने रोगिणी बरी करतो, तसे प्रत्यक्षात घडत नाही, हेही ध्यानी ठेवावे. उपचारास महिने लागतात. औषध, संभाषण आणि घरच्यांचा धीर, तिन्ही लागतात. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य सल्ला मिळतो.

म्हैसूरकडे परत

विष्णुवर्धन यांचे स्मारक २०२३ च्या जानेवारीत म्हैसूरजवळ उभे राहिले. द्वारकीश यांनी १६ एप्रिल २०२४ रोजी जगाचा निरोप घेतला. म्हैसूरचे शांतला चित्रपटगृह २०२० साली कायमचे बंद झाले, आणि अशी एकपडदा चित्रपटगृहे गावोगावी मिटत आहेत. जेथे अल्प दरात सारे कुटुंब बसू शकत होते, त्या जागा कमी होत आहेत. जेथे चौघांच्या कुटुंबाला तिकिटांसाठीच हजाराची नोट पुरली नसती, त्या वाढत आहेत. म्हणूनच चित्रपट निवडण्यात आपला अधिकार पूर्वीपेक्षा मोठा आहे.

मूळ ‘मणिचित्रताळ’ ऑगस्ट २०२४ मध्ये स्वच्छ करून पुन्हा प्रदर्शित झाला, आणि तो प्रथम आला तेव्हा जन्मलीही नव्हती अशी तरुण मंडळी तो पाहावयास गेली. पुढचा भाग काढू इच्छिणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. आणि वाचकहो, आपणही करावा. आता जेव्हा एखाद्या ओळखीच्या नावापुढे दोनाचा वा तिनाचा आकडा दिसेल, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एका सायंकाळी घरच्या मंडळींसह त्याचा पहिला भाग पाहावा. तो आपल्याला का आवडला होता, हे मुलांना सांगावे. ते कारण नव्या भागात असेल असे वाटले, तर खुशाल जावे. नसेल, तर वाचलेल्या पैशांत एखादा नवा, अनोळखी नावाचा चित्रपट पाहावा. ‘आप्तमित्र’ हेही २००४ साली कन्नड प्रेक्षकांना अनोळखीच नाव होते.